अंगठा जुळत नाही, तर दोष कुणाचा?

रेशन दुकानातले यंत्र सगळ्यांसाठीच बंद पडले, तर कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही. दुकानदार ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतो आणि अख्खी रांग पिशव्यांची घडी घालून घरी जाते. दिवसाची मजुरी बुडते, राग येतो, पण लाज वाटत नाही. खरी पंचाईत वेगळीच आहे. यंत्र चालू असते. पुढच्या दहा जणांचे धान्य मोजून झालेले असते, मागचे वीस जण खोळंबलेले असतात आणि मधल्या एका म्हाताऱ्या बाईचा अंगठा यंत्र पाच वेळा नाकारते. “आजी, हात धुऊन या,” असे कुणीतरी म्हणते. ती हात धुऊन येते. यंत्र पुन्हा नाही म्हणते. आता रांगेतल्या कुणाचीच नजर यंत्राकडे नसते. सगळे आजीकडे बघत असतात.

असा बिघाड शोधणे फार अवघड. घरातला रेडिओ बंद पडला तर तो सगळ्यांनाच बंद असतो. मेकॅनिक उघडून बघतो, तुटलेली तार जोडतो, काम संपते. इथे मेकॅनिक आला तरी तो स्वतःचे बोट लावून बघणार. ते जुळते. “यंत्र ठीक आहे,” म्हणून तो निघून जातो. तो खोटे बोलत नाही. त्याच्यापुरते यंत्र ठीकच आहे. मग उरते ती आजी आणि तिचा अंगठा. दोष तिथेच आहे, असे दुकानदार मानतो, रांग मानते आणि वाईट म्हणजे आजीही मानू लागते.

म्हणून या बिघाडाची नीट उकल करू या. हा बिघाड एकट्या यंत्रात नसतो, एकट्या माणसातही नसतो. तो दोघांच्या मधल्या जागेत असतो आणि तिथेच शोधला तर बहुतेक वेळा सापडतो.

आंधळगावची बोटे

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोसा कापडाच्या विणकामासाठी ओळखले जाते. कोशातला धागा सुटावा म्हणून कोसा सोडा किंवा राख घातलेल्या पाण्यात शिजवतात. मग ओल्या कोशातून तंतू ओढून काढतात. जुन्या रीतीप्रमाणे बाया तो मांडीवर घासून वळतात. पुढे मागावर तोच धागा पुन्हा बोटांतून जातो. याच जिल्ह्यात घरोघरी विड्या वळण्याचे कामही पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. भिजवलेले तेंदूचे पान चिमटीत धरायचे, तंबाखू भरायची, गुंडाळून दोरा बांधायचा. हजार विड्या वळायच्या तर हजार वेळा तीच दोन-तीन बोटे घासली जातात. पावसाळ्यात रोवणी लागली की पऱ्हे उपटायचे आणि दिवसभर चिखलपाण्यात वाकून ते रोवायचे. शिवाय घरची भांडी, राख, सोडा, चुलीचा चटका आणि भाजी चिरताना डाव्या अंगठ्यावर पडणाऱ्या बारीक रेघा आहेतच.

बोटावरचे ठसे आईच्या पोटात असतानाच तयार होतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते घडू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत पक्के होतात. त्यांचे मूळ आतल्या कातडीत असते. म्हणून वरची कातडी घासली गेली तरी हाताला काही आठवडे विसावा मिळाला की रेघा पुन्हा वर येतात. पण विसावा मिळाला तर. रोज घासणाऱ्या हाताची कातडी भरून निघायला वेळच मिळत नाही. सोडा, चुना, सिमेंट ही कातडी खाणारी द्रव्ये, त्यामुळे गवंड्याच्या हाताखालची बाई, चुना लावणारा कामगार आणि लग्नाकार्यात भांडी घासणारी मोलकरीण यांची बोटे लवकर गुळगुळीत होतात. वय वाढले की कातडीचा ताण जातो आणि रेघा चपट्या होतात. थंडीत बोटे कोरडी पडून भेगा पडतात. कुष्ठरोगाने ज्यांची बोटेच झडली, त्यांनी काय टेकवायचे? कॅपेसिटाबिन नावाच्या कर्करोगावरील औषधाने तळहात-तळपायाची कातडी सोलवटते आणि ठसे पुसट होतात. हे औषध घेणाऱ्या सिंगापूरच्या एका ६२ वर्षांच्या गृहस्थाला डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या विमानतळावर ठसे नाहीत म्हणून चार तास अडवून ठेवले होते. काही मोजक्या घराण्यांत तर माणसे जन्मतःच ठशांवाचून येतात. त्याचे कारण असलेले जनुक शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये शोधून काढले.

ही यादी पुन्हा एकदा वाचावी. जन्मजात ठसे नसणारे जगात मूठभर आहेत. आजारी थोडे आहेत. बाकी सगळे कोण आहेत? कष्टकरी आणि म्हातारे. यंत्र जातपात बघत नाही, असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण बोटावरचे काम ते नक्की बघते. आपल्या देशात कुणाच्या वाट्याला कोणते काम यायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या कशावरून ठरत आले, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

काचेखाली काय घडते

बहुतेक ठसायंत्रांत काचेच्या खालून प्रकाश सोडलेला असतो. बोटाच्या उंच रेघा काचेला टेकतात, मधल्या खाचा टेकत नाहीत. या फरकातून काळ्या-पांढऱ्या रेघांचे चित्र तयार होते. बोट फार कोरडे असेल तर रेघ सलग टेकत नाही, चित्र तुटक येते. बोट फार ओले असेल तर खाचाही भरतात आणि चित्राचा डाग होतो. मग एखादी रेघ कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, अशा खुणा टिपल्या जातात. आधार नोंदणीच्या वेळी घेतलेल्या खुणांशी त्या ताडून बघतात. ही तपासणी दुकानात होत नाही. ती दूरच्या सरकारी संगणकात होते आणि तिथून फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर परत येते.

एकाच माणसाचे दोन ठसे कधीही शंभर टक्के सारखे येत नाहीत. म्हणून किती खुणा जुळल्या म्हणजे ‘होय’ म्हणायचे, याची एक हद्द कुणीतरी ठरवलेली असते. ती सैल ठेवली तर दुसऱ्याच्या नावावर तिसरा धान्य उचलेल. घट्ट ठेवली तर खऱ्या मालकालाच परत पाठवले जाईल. हद्द कुठेही ठेवली तरी कुणीतरी बाहेर राहणारच. ‘यंत्र चुकत नाही’ हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही. यंत्र किती चुकेल, हे ठरवूनच ते बसवलेले असते.

आकडे सरकारचेच आहेत. २०१६-१७ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात ठसे न जुळण्याचे अंदाज दिले होते. झारखंडमध्ये ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के, गुजरातेत ६ टक्के, आंध्रच्या कृष्णा जिल्ह्यात ५ टक्के. २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाने सुप्रीम कोर्टात सादर केलेल्या माहितीप्रमाणे सरकारी सेवांत ओळख पटण्याचे प्रमाण ८८ टक्के होते, बँकांत ते ९५ टक्क्यांच्या आसपास होते. बँकेत पटते ते रेशनमध्ये का पटत नाही? बँकेत कोण जाते आणि रेशनला कोण जाते, एवढा विचार केला तरी बरेचसे कळते.

यात जुनी गंमत आहे, कडवट गंमत. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याचे आजचे शास्त्र आपल्याच देशात वाढले. १८५८ मध्ये बंगालमधील विल्यम हर्षल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. पुढे सही नाकारता येऊ नये, एवढाच हेतू. १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातले पहिले ठसे कार्यालय निघाले. ठशांचे वर्गीकरण करण्याची किचकट पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. ती पद्धत जगभर गाजली मात्र त्यांचे साहेब हेन्री यांच्या नावाने. आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठवले. मग पोरे शाळेत गेली, सही करायला शिकली. घरातली पहिली सही हा आपल्याकडे एक सोहळाच असे. रात्रीच्या वर्गात जाऊन साठाव्या वर्षी स्वतःचे नाव गिरवणाऱ्या आया आपण पाहिल्या आहेत. आणि आज त्याच आईची सही दुकानदाराला चालत नाही, अंगठाच हवा!

आधी यंत्र वाचा

आता कामाचे बोलू. ठसा नाकारला गेला की दुकानदार ‘जुळत नाही’ एवढेच सांगतो. पण यंत्राच्या पडद्यावर त्याबरोबर एक आकडाही येतो. तो विचारावा, कागदावर लिहून घ्यावा. आकडा ३०० असेल तर ठसा नोंदीशी जुळला नाही. ३३० असेल तर कुणीतरी आपल्या आधारचे ठसे कुलूपबंद केलेले आहेत. असे कुलूप मोबाइलवरून लावता येते आणि घरातल्या शिकलेल्या पोराने काळजीपोटी ते लावलेले असते. ते उघडेपर्यंत बोट घासून काही उपयोग नाही. ८११ असेल तर आपल्या नावापुढे ठशाची नोंदच सापडत नाही, म्हणजे आधार केंद्र गाठले पाहिजे. ९९८ असेल तर आधार क्रमांकातच घोळ आहे. बऱ्याचदा शिधापत्रिकेवर एखादा आकडा चुकीचा चढलेला असतो. चार वेगळी दुखणी आणि चारांवर दुकानात औषध एकच, “हात धुऊन या.”

३०० आला तर मात्र बोटाकडे वळायचे. मेकॅनिक लोकांचा एक चांगला नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. सगळे एकदम बदलले तर कशाने काम झाले ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिल्यांदा काच पुसायला सांगावी. आधीच्या वीस जणांचे तेल, घाम आणि गव्हाची धूळ तिच्यावर असते. कोरड्या मऊ फडक्याने पुसली तरी पुरते. यंत्रावर थेट ऊन येत असेल तर ते सावलीत घ्यावे.

मग बोट बदलावे. सगळ्यांना सवय अंगठ्याची, आणि आपल्या कामात सगळ्यात जास्त झिजतो तोही अंगठाच. नोंदणीच्या वेळी दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. तेव्हा कोणतेही बोट चालते. विडी वळणाऱ्या बाईने करंगळी किंवा तिच्या शेजारचे अनामिका लावून बघावे. डावखुरी नसेल तर डाव्या हाताचे. आधार प्राधिकरणाच्याच २०१२ च्या अहवालात याचा हिशेब आहे. सर्वांत चांगले एक बोट एकदाच लावले तर सुमारे ९३.५ टक्के जणांची ओळख पटली, तेच तीनदा लावू दिले तर ९६.५ टक्के, आणि दोन चांगली बोटे लावू दिली तर ९९ टक्क्यांच्या पुढे. म्हणजे दुसरे बोट लावू देणे ही दुकानदाराची मेहरबानी समजू नये, यंत्र वापरण्याची रीतच ती आहे. आपले जुळणारे बोट कोणते ते एकदा कळले की घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे.

त्यानंतर बोटाचा ओलावा. कोरड्या बोटाने एकदा कपाळ किंवा नाकाचा शेंडा चोळावा, तिथले नैसर्गिक तेल पुरते. किंवा ओल्या फडक्यावर टेकवून लगेच टिपून घ्यावे. ओले, घामट बोट पदराला नीट पुसावे. रोवणीतून थेट आलेला हात पाण्याने सुरकुतलेला असतो. त्याला अर्धा तास वाळू द्यावे. दाबण्यात पण चूक होते. नाही म्हटले की माणूस जीव खाऊन बोट दाबतो आणि त्याने रेघा पसरून एकमेकींत मिसळतात. बोट हलके आणि पुरे टेकवावे, नुसते टोक नको. यंत्र सांगेपर्यंत हलवू नये. रात्री झोपताना हाताला खोबरेल लावायची सवय ठेवली तर भेगा कमी होतात. मात्र दुकानात जाताना लावू नये, काच बरबटते.

एवढ्याने जमले नाही तर तेच बोट दुसऱ्या यंत्रावर लावून बघावे. बँक मित्राकडे पैसे काढायलाही असेच यंत्र असते. तिथे जुळले तर दोष दुकानातल्या यंत्राचा आहे. ते बदलून मागता येते, आणि ‘माझा ठसा अमुक दिवशी दुसरीकडे जुळला’ हा त्याला पुरावा. तिथेही नाकारले तर बहुधा जुनी नोंदच खराब आहे.

जुनी नोंद खराब असणे मुळीच नवलाचे नाही. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. पुढच्या काही वर्षांत गावोगावी शिबिरे लावून घाईघाईने कोट्यवधी ठसे घेतले. पंधरा वर्षांपूर्वीचे ते बोट आणि आजचे बोट यांच्यात मधले सगळे कष्ट आहेत. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात याच गोष्टीवर बोट ठेवले. २०१८-१९ मध्ये ३ कोटी ४ लाख लोकांचे ठसे वगैरे नव्याने घेतले गेले, आणि त्यांतल्या ७३ टक्क्यांहून अधिक लोकांनी नोंद सदोष म्हणून स्वतःहून, पदरचे शुल्क भरून ते करून घेतले. यंत्राने खराब टिपले आणि दंड बोटवाल्याने भरला! १ ऑक्टोबर २०२५ पासून हे शुल्क १२५ रुपये आहे. मुलांच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे नव्याने द्यावे लागतात, त्याला पैसे पडत नाहीत. नवे ठसे द्यायचे तर हाताला त्यातल्या त्यात विसावा असलेले दिवस निवडावेत. ऐन रोवणीत किंवा कडाक्याच्या थंडीत गेलात तर तीच खराब नोंद पुन्हा पैसे देऊन पदरात पडेल.

बोट सोडूनही वाटा आहेत. डोळ्यांतल्या बुबुळावरून ओळख पटवणारे यंत्र जिथे आहे तिथे ते मागावे. बुबुळ कष्टाने झिजत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र कधी कधी तेही जुळत नाही, नोंद नवी करावी लागते. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर त्यावर येणारा आकडी संदेश चालतो. म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांच्या आधारला घरातलाच, रोज चालू असलेला नंबर जोडून घ्यावा. दुकानदाराचा किंवा शेजाऱ्याचा नको. शिधापत्रिकेवरच्या प्रत्येक माणसाची ई-केवायसी आली तेव्हा हा प्रश्न आणखी वाढला. महिन्याचे धान्य घरातला कुणीही एक जण आणू शकतो, त्यामुळे आजीचा ठसा जुळतो की नाही हे वर्षानुवर्षे कुणी पाहिलेच नव्हते. ई-केवायसीत तो पाहावा लागला. त्यासाठी २०२५ मध्ये मोबाइलवर चेहरा दाखवून ती पुरी करण्याची सोयही निघाली.

बोटापुरते नाही

चेहऱ्याचे यंत्र आले म्हणून सगळे सुटले असे समजू नये. अमेरिकेतील संशोधक जॉय बुओलाम्विनी यांनी सहकारी टिमनिट गेब्रू यांच्यासह २०१८ मध्ये मोठ्या कंपन्यांची चेहरे ओळखणारी यंत्रे तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत ‘हा पुरुष की स्त्री’ एवढे सांगण्यात चूक एक टक्क्याहूनही कमी होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. यंत्राला शिकवताना जे चेहरे दाखवले त्यांत अशा स्त्रिया फार थोड्या होत्या. जे दाखवलेच नाही ते ओळखणार कसे?

कोविडच्या काळात घरोघरी पोचलेले ऑक्सिमीटर आठवा. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई ते बोटाला लावून आकडा वहीत लिहून घेत. हे यंत्र नखातून प्रकाश पार करून रक्तातला प्राणवायू मोजते. त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले की, यंत्र ठीक आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात प्राणवायू कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के होते. गडद कातडीत प्रकाश जास्त शोषला जातो आणि यंत्र आकडा वाढवून सांगते. घरात हे यंत्र असेल तर नखाचे पॉलिश काढून, मेंदी नसलेल्या आणि गरम केलेल्या बोटाला लावावे. आणि धाप लागत असेल, ओठ काळेनिळे पडत असतील, तर आकडा कितीही चांगला असो, दवाखाना गाठावा.

या सगळ्यावर सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेत खाते उघडता येईना, कारण माणूस जिवंत आहे हे दाखवायला यंत्रापुढे पापणी लववायची होती. त्यांना पापणी लववता येत नव्हती. न्यायालयाने सांगितले की अशा डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि अपंग व्यक्तींना चालेल अशी पर्यायी पद्धत ठेवण्यासाठी २० निर्देश दिले. संविधानाच्या कलम २१ चा हा अर्थ बोटांनाही लागू पडतो, असे आमचे मत आहे.

सगळे करूनही यंत्र नाहीच म्हणाले, तर

तर धान्य मिळालेच पाहिजे. हे कुणाच्या दयेवर नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आधार प्राधिकरणाच्या २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात सरळ सांगितले आहे की बोट, बुबुळ, मोबाइल संदेश यांपैकी काहीच चालले नाही तर कागदपत्रे बघून धान्य द्यायचे आणि त्याची नोंद वेगळ्या नोंदवहीत करायची. घरातल्या एका माणसाचा ठसा जुळत नसेल तर दुसऱ्याचा घ्यायचा. हे परिपत्रक निघण्याच्या काही आठवडे आधी झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एक अकरा वर्षांची मुलगी मरण पावली होती. आधार जोडले नाही म्हणून तिच्या घरची शिधापत्रिका रद्द झालेली होती. ती भात मागत गेली, असे तिच्या आईने सांगितले. प्रशासनाने मलेरियाचे कारण दिले. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सुप्रीम कोर्टाने नोंदवले की केवळ ओळख पटली नाही म्हणून कोणत्याही पात्र माणसाला लाभ नाकारला जाऊ नये, त्याला दुसऱ्या मार्गाने ओळख पटवू द्यावी.

दुकानात गेल्यावर म्हणूनच शब्द नेमका वापरावा. “माझा अंगठा लागत नाही, काय करू?” असे विचारू नये. “माझे नाव अपवाद नोंदवहीत लिहा आणि धान्य द्या,” असे म्हणावे. नोंदवही नाही म्हणाले तर गावच्या दक्षता समितीच्या सदस्याला बोलवावे, मोहाडीच्या तहसील कार्यालयात पुरवठा शाखेकडे लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यावा. त्यापुढे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग आहेत. हक्काचे धान्य मिळालेच नाही तर कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो. रेशनच्या तक्रारीसाठी १९६७ आणि आधारच्या तक्रारीसाठी १९४७ हे क्रमांक आहेत.

पुरावा आपल्याकडेच असतो, तो काढता यायला हवा. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर आधारच्या संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांतले ५० पर्यंत व्यवहार दिसतात. तारीख, वेळ, ठसा घेतला की संदेश, जुळले की नाही आणि नाही तर कोणत्या आकड्याने, हे सगळे त्यात असते. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या पोरीला हे काढायला दहा मिनिटे पुरतात. कागद छापून अर्जाला जोडला की ‘ही बाई आलीच नव्हती’ असे कुणाला म्हणता येत नाही. उलट प्रकारही यातूनच उघड होतो. ठसा जुळल्याची नोंद आहे आणि दुकानदाराने ‘जुळला नाही’ म्हणून रिकामी पिशवी परत पाठवली, तर त्या महिन्याचे धान्य कुठे गेले ते त्याला सांगावे लागेल. अर्जात तारीख, वेळ, यंत्राने दाखवलेला आकडा, किती बोटे लावून पाहिली आणि किती किलो धान्य मिळाले नाही, एवढे तरी लिहावे, आणि तक्रारीचा क्रमांक मिळाला की तो शिधापत्रिकेच्या मागे टिपून ठेवावा.